रक्तातलं एक अक्षर

‘रक्ताला जात नसते’ हे वाक्य आम्ही कवी मंडळींनी इतक्या वेळा म्हटलं आहे, की ते खरं की खोटं हे तपासायचं राहूनच गेलं. कविसंमेलनात त्याला टाळी हमखास मिळते. रक्तदान शिबिराच्या फलकावरही ते असतं. आणि एका अर्थानं ते खरंच आहे. दवाखान्यात रक्ताची पिशवी लावताना दात्याचं आडनाव कोणी विचारत नाही. पण रक्ताचा इतिहास वाचायला लागलो तेव्हा ध्यानात आलं, की रक्ताला जात नसली तरी रक्तातल्या काही आजारांना डोंगर असतो, वस्ती असते, सोयरीक असते. आपण लग्नं ओळखीपाळखीत, नात्यागोत्यात करतो आणि रक्त लग्नाच्या वाटेनंच पुढे जातं. मराठी मुलखात अनेक घरांत मामाची मुलगी करायची चाल आहे. आमच्या मुसलमान घरांत चुलत, मावस भावंडांतही निकाह होतात. नातं जवळचं असलं की एकाच घराण्यातला दोष आईकडून आणि बापाकडून असा दोन्ही बाजूंनी मुलाच्या वाट्याला येण्याची शक्यता वाढते.

मी बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. प्रयोगशाळेशी माझा संबंध नाही. तरी या विषयावर बोलतो आहे, कारण हा विषय आमच्या जिल्ह्यातला आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. त्याच्या एका टोकाला समुद्र, बोईसरचे कारखाने आणि तारापूरचं अणुवीज केंद्र. दुसऱ्या टोकाला जव्हार, मोखाडा, विक्रमगडचे डोंगर आणि वारली, कोकणा, कातकरी, मल्हार कोळी यांचे पाडे. या पाड्यांवर एक दुखणं आहे. त्याला सगळे इंग्रजी नावानंच ओळखतात, सिकलसेल.

सिकल म्हणजे विळा. आमच्याकडे पावसाळा सरला की माळावर गवत कापणाऱ्या बायकांच्या हातात जो दिसतो, तोच. निरोगी माणसाची तांबडी रक्तपेशी गोल आणि लवचीक असते. बारीकातल्या बारीक नळीतून ती अंग चोरून निघून जाते. सिकलसेलच्या रुग्णात ही पेशी प्राणवायू सोडला की वाकडी होते, विळ्यासारखी. मग ती नळीत अडकते, तिच्या मागे दुसरी अडकते आणि त्या जागी कळा सुरू होतात. हाडांत, सांध्यांत, पोटात, छातीत. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही विळ्याची पेशी जेमतेम १० ते २० दिवस. म्हणून अंगात रक्त कधी पुरत नाही.

काही वर्षांपूर्वी जव्हारकडच्या एका आश्रमशाळेत मुलांना कविता ऐकवायला गेलो होतो. खेळाच्या तासाला एक मुलगा ढोपर धरून ओट्यावर बसला होता. ‘तो तसाच आहे, अंगचोर,’ असं एक गुरुजी म्हणाले. तिथल्या नर्सबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘सर, त्याला सिकलसेल आहे. दुखणं उठलं की रात्र रात्र ओरडतो.’ अंगचोर हा शब्द या आजाराच्या मुलांना किती जणांनी लावला असेल, याचा हिशेब कुठल्याच नोंदवहीत नसतो.

या आजाराची पहिली शास्त्रीय नोंद १९१० सालची, अमेरिकेतल्या शिकागोची. जेम्स हेरिक नावाच्या डॉक्टरांनी ती लिहिली. रुग्ण होता वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा एक कृष्णवर्णीय तरुण. त्याच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला तेव्हा विळे दिसले. पुढं १९४९ मध्ये लायनस पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की दोष पेशीत भरलेल्या हिमोग्लोबिनमध्येच आहे. एखादा आजार एका रेणूच्या बिघाडानं होतो, हे जगात पहिल्यांदा सिद्ध झालं ते या गरिबांच्या दुखण्यावरून. १९५७ पर्यंत इंग्लंडमध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी नेमकी जागा शोधली. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ दुवे असतात. त्यातला सहावा दुवा तेवढा बदललेला. बाकीचे १४५ जिथल्या तिथं.

आज आपल्याला माहीत आहे, की माणसाच्या जनुकांची लिपी सुमारे ३०० कोटी अक्षरांची आहे आणि सिकलसेलमध्ये त्यातलं एक अक्षर बदललेलं असतं. ‘ए’च्या जागी ‘टी’. ज्यानं पुस्तकाची मुद्रितं तपासली आहेत, त्याला यातला थरार कळेल. एक वेलांटी चुकली की ओळीचा अर्थ फिरतो. इथं माणसाचं आयुष्य फिरतं.

मग ही चूक निसर्गानं पुसून का टाकली नाही? याचं उत्तर १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेतल्या अभ्यासातून दिलं. ज्याला हे चुकलेलं अक्षर आई-बापांपैकी एकाकडूनच मिळतं, तो आजारी पडत नाही. त्याला वाहक म्हणतात. आणि या वाहकाला जीवघेण्या हिवतापापासून बरंच संरक्षण मिळतं. जिथं जंगल, जिथं डास, जिथं हिवतापानं लेकरं जात होती, तिथं हे अक्षर टिकलं, कारण त्यानं लेकरं वाचवली. दोन वाहकांचं लग्न झालं की मात्र हिशेब बदलतो. प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता आजारी मुलाची, चारात दोन वाहकाची आणि चारात एक पूर्ण मोकळ्या मुलाची. ज्याला आपण आज शाप म्हणतो, तो पूर्वजांनी हिवतापाशी केलेला तह होता.

भारतात हा आजार पहिल्यांदा नोंदला गेला १९५२ मध्ये. लेहमान आणि कटबुश या संशोधकांना तो निलगिरीच्या डोंगरांतल्या आदिवासींमध्ये सापडला आणि त्याच सुमाराला आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांमध्येही. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या, आपल्या नागपूर भागातल्या वाहकांविषयी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. मुंबईत तर १९५२ हे साल आणखी एका कारणानं लक्षात राहिलं. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक आगळाच रक्तगट शोधला. जगभर तो ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून ओळखला जातो. १९५७ मध्ये परळला रक्तगटांच्या अभ्यासाचं केंद्र सुरू झालं. केईएमच्या आवारातली आजची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटोलॉजी संस्था ती हीच. सिकलसेल आणि थॅलेसेमिया यांवर पश्चिम भारतात जे काम झालं, त्यात या संस्थेचा वाटा मोठा आहे.

रोग कळला, अक्षर कळलं. पण दुरुस्त कुठं करायचं? शरीरात दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी नव्यानं तयार होतात. इतक्या पेशी एकेक करून कोण सुधारणार? त्यासाठी त्या जिथून जन्मतात तो झरा शोधायला हवा होता. आणि तो झरा सापडला त्याची हकिगत तारापूरच्या माणसाला जवळची वाटेल.

तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं, त्यामुळे किरणोत्सर्ग हा शब्द आमच्या भागात शाळकरी पोरांच्याही तोंडी आहे. या शब्दाची भीती जगाला बसली ती १९४५ मध्ये. हिरोशिमा आणि नागासाकीत जे भाजून मेले नाहीत, त्यांतले कित्येक काही आठवड्यांनी रक्तस्रावानं आणि जंतुसंसर्गानं गेले. वरून अंगावर जखम नाही, पण हाडांच्या आतला मगज मेलेला. हाडातला मगज गेला की रक्त तयार होत नाही. अणुबाँबच्या धाकानं मग जगभर उंदरांवर प्रयोग सुरू झाले. उंदराला किरणांचा मारक डोस द्यायचा आणि निरोगी उंदराचा मगज टोचायचा. उंदीर जगायचे. १९६१ मध्ये कॅनडातल्या टोरांटोला जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकलॉक यांच्या लक्षात आलं, की अशा उंदरांच्या प्लीहेवर बारीक गाठी येतात. पुढच्या दोन वर्षांत त्यांनी सिद्ध केलं, की एकेक गाठ एकाच पेशीपासून वाढलेली आहे. त्या पेशीतून सगळ्या प्रकारच्या रक्तपेशी निघत होत्या. हीच रक्ताची मूळपेशी, जिला स्टेम सेल म्हणतात. माणसं मारायला निघालेल्या विद्येच्या सावलीत माणसं वाचवायची ही विद्या सापडली.

मगज बदलण्याचा उपचार त्यातूनच आला. भारतात पहिलं मगज प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईत झालं, टाटा रुग्णालयात, डॉ. सुरेश अडवाणी यांच्या हातून. या उपचारानं सिकलसेल आणि थॅलेसेमियाची मुलं पूर्ण बरीही होतात. पण दुसऱ्याचा मगज जुळावा लागतो. सख्ख्या भावंडाशीही तो जुळण्याची शक्यता चारात एक. न जुळणारा घातला, तर आलेला पाहुणा घरच्यांवरच उठतो. म्हणून संशोधकांच्या मनात विचार आला, की रोग्याच्याच मूळपेशी बाहेर काढाव्यात, त्यात बरोबर अक्षरांचं जनुक घालावं आणि त्याच्याच अंगात परत सोडाव्यात. आपलंच रक्त, दुरुस्त करून.

पण पेशीच्या आत, तिच्या गाभ्यात, ते जनुक नेणार कोण? हे काम निसर्गात एकच जण करत आला आहे. विषाणू.

विषाणू म्हटलं की आपण नाक-तोंड झाकतो, आणि करोनानंतर तर जास्तच. पण विषाणू म्हणजे काय, तर एका पाकिटात घातलेली चिठ्ठी. तो पेशीत शिरतो, चिठ्ठी आत टाकतो आणि पेशी ती निमूट वाचून त्याच्यासारखे हजार विषाणू तयार करते. काही विषाणू याहून पुढं जातात. आपली चिठ्ठी ते पेशीच्या मूळ पोथीतच शिवून टाकतात. १९७० मध्ये हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी आपापल्या प्रयोगशाळेत या विषाणूंची उलटी विद्या शोधली. आरएनएवरून डीएनए लिहायची. त्यांना त्यासाठी १९७५ चं नोबेल मिळालं. या विषाणूंना रेट्रोव्हायरस म्हणतात. १९८० च्या दशकात त्यांना माणसाळवायला सुरुवात झाली. विषाणूची स्वतःची चिठ्ठी काढून घ्यायची आणि पाकिटात आपल्याला हवं ते जनुक घालायचं. पाकीट पोहोचतं, पण आत विषाणू वाढवायचा मजकूरच नसतो. चोराला कुलपाची माहिती असते म्हणून त्यालाच पहारेकरी नेमावा, तशातला हा प्रकार.

पुढचा इतिहास सरळ नाही. तो दुखऱ्या जागांनी भरलेला आहे आणि म्हणूनच सांगण्यासारखा आहे. १९८० मध्ये मार्टिन क्लाइन या अमेरिकी डॉक्टरांनी आपल्या विद्यापीठाची परवानगी न घेता, परदेशात जाऊन, थॅलेसेमियाच्या दोन रुग्णांच्या मगजात जनुक घालायचा प्रयत्न केला. त्यात विषाणू नव्हता आणि गुणही आला नाही. क्लाइन यांचं पद गेलं, निधी गेला. १४ सप्टेंबर १९९० रोजी अमेरिकेत अशांती डिसिल्व्हा या चार वर्षांच्या मुलीला विषाणूच्या पाकिटातून जनुक मिळालेल्या तिच्याच पांढऱ्या पेशी परत दिल्या गेल्या. तिच्या अंगात जंतूंशी लढायची ताकद जन्मतःच नव्हती. सरकारी परवानगीनं झालेला माणसावरचा हा पहिला जनुक-उपचार. तिला फायदा झाला, पण नेहमीचं औषध चालू ठेवावं लागलं. कारण पांढऱ्या पेशी म्हणजे झाडाची पानं. पान कितीही सुधारलं तरी गळायचंच. मूळ सुधारायला हवं होतं.

१९९९ मध्ये जेसी गेल्सिंगर हा अठरा वर्षांचा अमेरिकी तरुण यकृताच्या आजारावरच्या अशाच एका चाचणीत दगावला. तो विषाणू वेगळा होता, पण धक्का सगळ्यांना बसला. त्याच सुमाराला पॅरिसच्या नेकर रुग्णालयात अलँ फिशर आणि मारिना कावाझाना यांनी मुळाला हात घातला. रोगप्रतिकारशक्तीच नसलेल्या बाळांच्या मगजातल्या पेशींत त्यांनी विषाणूमार्फत जनुक घातलं. २००० मध्ये बातमी आली, की काचेच्या खोलीत वाढणारी बाळं घरी गेली. दोनच वर्षांनी त्यातल्या एका मुलाला रक्ताचा कर्करोग झाला. मग दुसऱ्याला. पॅरिस आणि लंडन इथल्या मिळून २० मुलांपैकी पाच जणांना तो झाला आणि एक मूल गेलं. विषाणूनं आपली चिठ्ठी नेमकी पेशीची वाढ करणाऱ्या जनुकाच्या शेजारी शिवली होती आणि ते जनुक भडकलं होतं. अक्षर बरोबर होतं, पण चुकीच्या पानावर चिकटवलं गेलं होतं.

इथं सगळं थांबलं असतं. थांबलं नाही ते एका अशा विषाणूमुळे, ज्याचं नाव ऐकूनच लोक दचकतात. एचआयव्ही. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या सॉल्क संस्थेत लुइजी नाल्दिनी, भारतात जन्मलेले इंदर वर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एचआयव्हीचं विष काढून त्याचं वाहन बनवलं. या कुळाला लेंटीव्हायरस म्हणतात. जुने रेट्रोव्हायरस फक्त विभागणी चालू असलेल्या पेशीत शिरत. हा स्वस्थ बसलेल्या पेशीतही शिरतो, आणि रक्ताची मूळपेशी बराच काळ स्वस्थच बसलेली असते. शिवाय, शेजारचं जनुक भडकवणारा त्याचा भाग कापून टाकता आला. ज्या रोगानं लाखो माणसं नेली, त्याच्याच सांगाड्यातून हा भारवाहक घडवला गेला. आज त्यात एड्स होण्याइतकं काही उरलेलं नसतं.

पॅरिसमध्येच २००७ मध्ये थॅलेसेमियाच्या एका तरुणाला हा उपचार मिळाला. वर्षभरानंतर त्याला बाहेरचं रक्त लागेनासं झालं. २०१४ मध्ये तेरा वर्षांच्या एका मुलावर सिकलसेलसाठी हाच प्रयोग झाला. २०१७ मध्ये जाहीर झालं, की त्याच्या कळा थांबल्या आहेत. ८ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेनं सिकलसेलवरच्या दोन जनुक-उपचारांना एकाच दिवशी परवानगी दिली. एक लेंटीव्हायरसवाला, लिफजेनिया. दुसरा कॅसजेव्ही. त्यात विषाणू नाही, ‘क्रिस्पर’ नावाची कात्री आहे. लिफजेनियाच्या चाचणीत ३२ रुग्णांपैकी २८ जणांना, पाहणीच्या ठरलेल्या काळात, एकदाही कळांचा झटका आला नाही. मात्र काही रुग्णांत रक्ताचा कर्करोग उद्भवल्यामुळे त्या औषधावर ठळक इशाराही छापावा लागतो.

आता किंमत ऐका. लिफजेनियाची जाहीर किंमत ३१ लाख डॉलर. त्या वेळच्या दरानं २५ कोटी रुपयांच्या वर, एका माणसासाठी. ही किंमत तिथल्या बाजारालाही पेलली नाही. औषध काढणारी ब्लूबर्ड बायो ही कंपनी २०२५ मध्ये, पूर्वीच्या मोलाच्या मानानं किरकोळ पैशांत विकली गेली.

इतकी किंमत का, हे बोईसरच्या एमआयडीसीत पाळी करणाऱ्या कामगाराला मी असं सांगेन. बोईसरला ‘रिॲक्टर’ म्हटलं की विचारावं लागतं, अणूचा की केमिकलचा? केमिकलच्या रिॲक्टरमध्ये औषधाच्या कच्च्या मालाची एक बॅच निघते आणि तिच्यातून हजारो माणसांच्या गोळ्या होतात. तिथं बॅच बिघडली तर माल जातो. इथं एक बॅच म्हणजे एक माणूस. त्याच्या रक्तातून मूळपेशी वेगळ्या करायच्या, विषाणूबरोबर ठेवायच्या, तपासायच्या, गोठवायच्या. ते होईतो माणूस वाट पाहणार. मग तीव्र औषध देऊन त्याचा जुना मगज जाळायचा. त्या औषधानं केस जातात, मूल होण्याची शक्यताही जाऊ शकते. नव्या पेशी दिल्यावर काही आठवडे त्याला जंतूंपासून जपत दवाखान्यात ठेवायचं. त्याचा माल दुसऱ्याला चालत नाही आणि दुसऱ्याचा त्याला.

तरीही आपल्या देशात काही घडलं आहे आणि ते अभिमानानं सांगावं असं आहे. तमिळनाडूत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. आलोक श्रीवास्तव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमोफिलिया या रक्त न गोठण्याच्या आजारावर हाच मार्ग वापरला. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाची त्यांना साथ होती. पाच पुरुष रुग्ण. त्यांच्याच मूळपेशी, लेंटीव्हायरसचं वाहन, रक्त गोठवणाऱ्या घटकाचं जनुक. डिसेंबर २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निकाल आला. पाचही जणांचा मिळून ८१ महिन्यांचा काळ, आणि एकदाही रक्तस्राव नाही. आमच्या जवळ, पवईच्या आयआयटीत, प्रा. राहुल पुरवार आणि टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी लेंटीव्हायरस वापरूनच रक्ताच्या कर्करोगावरचा ‘नेक्सकार १९’ हा उपचार घडवला. त्यात मूळपेशी नाहीत, पांढऱ्या पेशी आहेत, पण वाहन तेच. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला परवानगी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते लोकार्पण झालं. परदेशात तीन-चार कोटींना पडणारा हा उपचार इथं चाळीस-पन्नास लाखांत आला. चाळीस लाखही गरिबाचे नाहीत, पण किंमत हा देवाचा लेख नाही, तो माणसाला बदलता येतो, एवढं तरी पवईनं दाखवलं. सिकलसेलपुरतं बोलायचं तर, नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेनं ‘बिरसा १०१’ हा क्रिस्परवर आधारलेला देशी उपचार जाहीर केला. भगवान बिरसा मुंडांचं नाव त्याला दिलं आहे आणि तंत्र पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवलं आहे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. या शंभराहून अधिक वर्षांच्या इतिहासात रक्त कोणी दिलं? ग्रेनाडाच्या एका विद्यार्थ्यानं, निलगिरीच्या आदिवासींनी, चहामळ्यातल्या मजुरांनी, विदर्भातल्या रोजंदारीवरच्या माणसांनी. सुई त्यांच्या दंडात शिरली आणि रेणूंचं अख्खं शास्त्र उभं राहिलं. पाउलिंग यांच्या त्या शोधाशिवाय आजचं निम्मं वैद्यक सुचलं नसतं. ज्याच्या घामावर घर उभं राहतं त्याला त्यात ओसरी तरी मिळावी, अशी आपल्याकडे रीत आहे. म्हणून हा उपचार पाड्यावर पोहोचणं मला दानधर्म वाटत नाही. ती परतफेड आहे.

आणि ती होईपर्यंत हात जोडून बसायचं कारण नाही. राज्याच्या आरोग्य खात्यानं २००८-०९ पासून सिकलसेल नियंत्रणाचं काम हाती घेतलं, त्यात तेव्हाचा ठाणे जिल्हा होता. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे तिचं लक्ष्य. बोटातला एक थेंब, एक साधी चाचणी, शंका आली तर पुढची तपासणी. हायड्रॉक्सियुरिया नावाचं औषध अमेरिकेनं १९९८ मध्ये सिकलसेलसाठी मान्य केलं. ते अंगात बाळपणीचं हिमोग्लोबिन वाढवतं आणि त्यामुळे कळांचे झटके कमी होतात. ते रोग मुळातून काढत नाही, पण शाळा चुकवत नाही, मजुरी बुडवत नाही. २५ कोटींच्या गोष्टी करताना या गोळीचा साठा आरोग्य केंद्रात आहे की संपला, हे विचारायला आपण विसरता कामा नये.

एक काळजी मात्र बोलून दाखवतो. तपासणी झाली की कार्ड मिळतं. ते कार्ड लग्न जुळवताना कामाचं आहे. दोन वाहकांनी लग्नाआधी किंवा मूल होण्याआधी सल्ला घ्यावा, एवढाच त्याचा अर्थ. पण कार्डाचा डाग व्हायला आपल्याकडे वेळ लागत नाही, आणि डाग आधी मुलीला लागतो. ‘त्या पोरीत काहीतरी आहे’ अशी कुजबुज सुरू झाली की वाहक आणि रोगी यातला फरक कोणी ऐकून घेत नाही. वाहक हा रोगी नाही. त्याच्या पूर्वजांनी हिवतापातून तगून त्याला इथवर आणलं, त्याची ती खूण आहे. गावातल्या गुरुजींनी, आशाताईंनी, मशिदीच्या इमामांनी आणि भगतांनीही हे एक वाक्य लोकांना सांगितलं, तर कितीतरी घरं वाचतील.

तारापूरची वीज १९६९ पासून महाराष्ट्र आणि गुजरातला गेली. त्याच जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या कित्येक पाड्यांवर मात्र पुढं अनेक वर्षं रात्री चिमणीच पेटत होती. विज्ञान जवळ असणं आणि ते घरात येणं यात किती अंतर असतं, हे आमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पवई आमच्यापासून लोकलच्या अंतरावर आहे आणि पुणं एसटीच्या. रक्तातलं अक्षर दुरुस्त करणारे हात आता आपल्याच देशात आहेत. त्या हातांपर्यंत ओट्यावर ढोपर धरून बसलेल्या पोराचं नाव पोहोचायला हवं. त्याची सुरुवात अंगचोर हा शब्द मागे घेण्यापासून आणि त्याच्या बोटातला एक थेंब तपासण्यापासून होते.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)